मॅजेंटात फिकट रेघा पडतात म्हणून हेड बदलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातले फ्लेक्सचे दुकान, वर पत्रा, शेजारी यंत्रमागाचा कारखाना. दहा फुटी सॉल्व्हंट मशीन, त्यात बारीक भोकांतून (नोझलमधून) शाई उडवणारी कोनिका मिनोल्टाची ५१२आय, ३० पिकोलिटरच्या थेंबाची चार हेड, प्रत्येक रंगाला एक. मार्चपासून तीन तक्रारी आहेत. मॅजेंटाच्या भरीव भागात आडव्या फिकट रेघा पडतात. फ्लेक्सच्या डाव्या बाजूची अक्षरे दुहेरी येतात, उजवीकडची स्वच्छ. आणि अधूनमधून काळ्याचा थेंब पडून तयार काम वाया जाते. सकाळची नोझल टेस्ट (प्रत्येक नोझलची बारीक रेघ पायरीपायरीने छापणारी चाचणी) चांगली निघते, तरी ऑपरेटर दिवसातून आठ-दहा वेळा पर्ज मारतो, म्हणजे नोझल साफ करायला दाबाने शाई बाहेर ढकलतो. मेकॅनिकचे म्हणणे, मॅजेंटाचे हेड गेले, १४ एप्रिलची गर्दी सुरू व्हायच्या आत बदलून टाका.

आत्ताच बदलू नका. सकाळची टेस्ट चांगली निघते याचा अर्थ नोझल उघडी आहेत आणि हेडची वीज त्यांच्यापर्यंत पोहोचते आहे. मेलेले हेड सकाळी जिवंत आणि दुपारी मेलेले, असे सहसा वागत नाही. शिवाय तुमच्या तीन तक्रारींची तीन वेगवेगळी कारणे दिसतात आणि नवे हेड बसवून त्यांतले एकही जाणार नाही. नवे हेडही आठवड्याभरात तसेच छापू लागेल.

आधी रेघ वाचायला शिका, सफाई नंतर. रेघेबद्दल तीन गोष्टी बघायच्या: ती कोणत्या दिशेला आहे, किती अंतराने परत येते, आणि एकाच रंगात आहे की सगळ्या. दोष फाइलमध्ये आहे की मशीनमध्ये, हे ठरवायला तोच तुकडा एकदा सरळ आणि एकदा ९० अंश फिरवून छापा. रेघ चित्राबरोबर फिरली तर दोष फाइलचा. हलक्या जेपीजीत किंवा आकाशाच्या निळ्या छटेत असे पट्टे पुष्कळदा असतात आणि त्यासाठी बिचारे हेड धुतले जाते. रेघ फिरली नाही, कॅरेजच्या (हेड घेऊन आडव्या धावणाऱ्या भागाच्या) दिशेलाच राहिली, तर मशीनकडे वळा.

५१२आय हेडमध्ये ५१२ नोझल असतात आणि एका इंचात ३६० बसतात. म्हणजे हेडची छपाईची उंची सुमारे ३६.१ मिलिमीटर आणि दोन नोझलमधले अंतर साधारण ०.०७ मिलिमीटर. चार पासमध्ये, म्हणजे एकाच जागेवरून चार वेळा कॅरेज नेऊन, छापताना फ्लेक्स दर वेळी सुमारे ९ मिलिमीटर पुढे सरकतो. रेघा बरोबर ९ मिलिमीटरवर पडत असतील आणि चारही रंगांत एकाच जागी असतील, तर फीडिंगची म्हणजे स्टेपची चूक. फिकट रेघ असेल तर स्टेप जास्त पडते, गडद असेल तर कमी. बंद नोझलची रेघही त्याच ९ मिलिमीटरच्या तालावर येते, पण ती एकाच रंगात दिसते. तुमच्या रेघा फक्त मॅजेंटात आहेत, म्हणून फीडिंगला हात लावायचे कारण नाही. इथे पुष्कळ ऑपरेटर चुकतात: एका रंगाची रेघ झाकायला स्टेप बदलतात आणि मग बाकीच्या तीन रंगांतही रेघा आणतात.

स्टेप किती नाजूक असते हे आकड्यावरून कळेल. एक मीटर छापून स्टीलच्या टेपने मोजा. १००० च्या जागी १००२ मिलिमीटर भरले तर चूक २ मिलिमीटरची वाटते, पण ९ मिलिमीटरच्या एका स्टेपमागे ती ०.०१८ मिलिमीटर होते, म्हणजे नोझलमधल्या अंतराचा पाव भाग. भरीव निळ्यात किंवा भगव्यात एवढी चूक डोळ्याला सहज दिसते. रोल भरलेला असतानाची आणि संपत आलेला असतानाची ओढ सारखी नसते. ३.२ मीटर रुंद, ७० मीटर लांब, २८० जीएसएमचा पूर्ण रोल साठ किलोच्या पुढे भरतो. म्हणून कॅलिब्रेशन अर्ध्या रोलवर करा आणि दर्जा बदलला की पुन्हा करा. स्टार फ्लेक्ससाठी केलेला आकडा व्हिनाइलला चालत नाही. रेघ ९ मिलिमीटरवर न येता वीस-पंचवीस सेंटिमीटरवर येत असेल तर फीड रोलरचा व्यास मोजून ३.१४ ने गुणा. अंतर जुळले तर रोलरवर चिकटलेली शाई, टेप किंवा रोलरचा वाकडेपणा शोधा.

आता मॅजेंटा. एक मीटर लांब, पूर्ण रुंदीची १०० टक्के मॅजेंटाची पट्टी छापा आणि मध्ये पर्ज न करता लगेच नोझल टेस्ट काढा. पट्टीच्या सुरुवातीला रंग भरलेला आणि शेवटाकडे रेघा, शिवाय टेस्टमध्ये दहा-वीस नोझल गायब, असे दिसले तर पाच मिनिटे मशीन थांबवा, काहीही धुऊ नका, आणि पुन्हा टेस्ट काढा. नोझल आपोआप परत आली तर हेडला शाई पुरत नाही. परत आली नाहीत तर नोझल वाळली किंवा आत हवा शिरली. हा पाच मिनिटांचा फरक कागदावर तारीख घालून ठेवा, मेकॅनिकला दाखवायला उपयोगी पडतो.

ही टेस्ट नुसत्या डोळ्यांनी बघू नका. यंत्रमागवाले कापडाचे धागे मोजायला घडीचे छोटे भिंग वापरतात, ते शेजारच्याकडून मागून आणा. भिंगाखाली गायब नोझल आणि तिरके उडणारे नोझल वेगळे दिसते. गायब असेल तर पायरी मोकळी असते. तिरके असेल तर रेघ जागेवर असते, पण शेजारच्या रेघेला चिकटते आणि दुसऱ्या बाजूला फट सोडते. भरीव भागात दोन्हींचा परिणाम फिकट रेघ असाच दिसतो, उपाय मात्र वेगळे. तिरक्या नोझलला पर्जने काही होत नाही. तिथे प्लेटवर (हेडच्या तळाच्या, नोझल असलेल्या पृष्ठभागावर) वाळलेली शाई किंवा एखादा तंतू असतो.

शाई पुरत नसेल तर शोध कॅनपासून सुरू करा, हेडपासून नको. पाच लिटरच्या कॅनच्या झाकणाला हवेचे भोक आहे का? भोक नसेल किंवा वाळलेल्या शाईने बुजले असेल तर पंप ओढतो, कॅन आत दबतो आणि प्रवाह मंदावतो. एवढ्याशा कारणाने हेड काढून पाठवलेली दुकाने आहेत. त्यानंतर सब टँक, म्हणजे हेडआधीची छोटी टाकी: तिची पातळी सांभाळणारा फ्लोट अडकतो का, पंप सुरू झाल्यावर पातळी लगेच भरते की रेंगाळते. मग नळीत बसवलेला इनलाइन फिल्टर. यात सगळ्यात जास्त दोष सापडतो. फिल्टर तीन-चार महिन्यांनी बदलायचा असतो, दीड वर्ष चालवायचा नसतो. नवा बसवताना त्यावरचा बाण हेडकडे ठेवा आणि फिल्टर उभा धरून हवा वर निघून जाऊ द्या, नाहीतर बुडबुडा थेट हेडमध्ये जातो. शेवटी नळी. कॅरेजच्या साखळीत ती कुठे मुडपते का, हे कॅरेज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हाताने सरकवून बघा.

मार्चच्या आसपास शाईची कंपनी बदलली होती का? प्रश्नात ते नाही, पण विचारून घ्या. दोन कंपन्यांची सॉल्व्हंट शाई एकमेकीत मिसळली की कधी कधी गाळ बसतो, आणि तो आधी फिल्टरमध्ये अडकतो. तपासायला काचेच्या बाटलीत दोन्ही शाया समान घेऊन, हलवून, चोवीस तास ठेवा. तळाशी कण किंवा जेलीसारखा थर दिसला तर त्या रंगाची पूर्ण लाइन त्याच शाईच्या कंपनीच्या फ्लशिंग सोल्यूशनने धुवा. जुना कॅन असेल तर वापरण्याआधी नीट हलवा, रंगद्रव्य खाली बसते. आणि कॅन पत्र्याखाली भिंतीला टेकवून ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेरच पारा चाळिशी पार जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. कॅन जमिनीवर, सावलीत, मशीनपासून लांब ठेवा.

निगेटिव्ह प्रेशर हा या सगळ्याचा मधला दुवा आहे आणि तुमच्या मॅजेंटा व काळ्या, दोन्ही तक्रारींशी त्याचा संबंध आहे. हे प्रेशर शाईला नोझलच्या तोंडाशी आत धरून ठेवते. ते कमी पडले तर शाई गळते, प्लेट ओली होते. जास्त झाले तर नोझलमधून हवा आत ओढली जाते आणि भरीव छपाईत नोझल एकेक करून बंद पडतात. अशा बहुतेक मशीनांवर गेजचा आकडा उणे ३ ते उणे ४ किलोपास्कलच्या आसपास ठेवतात, पण गेज आणि सब टँकची उंची वेगवेगळी असल्याने आकड्यापेक्षा हेडकडे बघा. प्लेट पुसा, दहा मिनिटे थांबा. थेंब लोंबत नाही आणि त्यानंतरच्या टेस्टमध्ये नोझल गायबही नाहीत, तो आकडा तुमचा. थेंब पडतो म्हणून निगेटिव्ह वाढवत नेले आणि त्यामुळे मॅजेंटा हवा ओढू लागला, असे तुमच्याकडे झाले असण्याची बरीच शक्यता आहे. म्हणून फिल्टर बदलण्याआधी गेजचा आकडा वहीत लिहा.

थेंब चारही रंगांतून पडत असेल तर निगेटिव्हचा पंप, त्याची नळी किंवा जोड बघा. हवेच्या नळीत शाई शिरली असेल तर गेज नाचते. थेंब फक्त काळ्यातून असेल, तर कारण काळ्याच्या सब टँकच्या फ्लोटमध्ये किंवा प्लेटवर. फ्लोट अडकून टँक काठोकाठ भरला की त्या एका हेडचा समतोल जातो. आणि प्लेटवर बहुधा तंतू असतो. शेजारी यंत्रमाग असेल तर हवेत कापसाची तूस उडते, फ्लेक्सच्या स्थिर विजेला चिकटून आत येते आणि एखादा तंतू प्लेटला लटकतो. तो वातीसारखी शाई ओढतो आणि थेंब सोडतो. कॅरेज एका कडेला आणून खालून मोबाइलचा उजेड तिरका टाका, केस लटकल्यासारखा दिसेल. तो पुसायला कापूस घ्याल तर तंतू वाढतील. फोमचा, धागे न सुटणारा बोळा क्लीनिंग सोल्यूशनमध्ये भिजवा, प्लेटला लावून धरा, घासू नका. प्लेटवर शाई न चिकटू देणारा नाजूक थर असतो. तो घासून गेला की शाई प्लेटवर पसरते आणि नोझल कायमची तिरकी उडतात. दिवसाला आठ-दहा पर्ज आणि तितक्याच पुसण्या यामुळे हाच थर जातो. हेड मरण्याचे हे मोठे कारण असून बिल मात्र शाईवर किंवा उन्हावर फाडले जाते.

डावीकडच्या दुहेरी अक्षरांचा रंगांशी संबंध नाही. दोन्ही दिशांनी छापताना जाताना आणि येताना पडलेले थेंब एकमेकांवर बसत नाहीत, एवढेच. पूर्ण रुंदीत सारखे दुहेरी आले तर सॉफ्टवेअरमधली बाय-डायरेक्शन दुरुस्ती करून सुटते. तुमच्याकडे फक्त एका बाजूला आहे, म्हणजे हेड आणि फ्लेक्समधले अंतर दोन बाजूंना सारखे नाही. थेंब सेकंदाला सहा मीटर वेगाने पडतो आणि कॅरेज एक मीटर वेगाने धावते असे धरा. अंतर २ मिलिमीटर असेल तर थेंब ०.३३ मिलिमीटर पुढे जाऊन पडतो, ३ असेल तर अर्धा मिलिमीटर. दोन्ही दिशांचा फरक धरला तर एका मिलिमीटरच्या उंचसखलपणाने कडा ०.३३ मिलिमीटर फाटतात. लहान अक्षरात हे लगेच दिसते. उजवीकडे जुळवलेले डावीकडे त्यामुळेच जुळत नाही, आणि डावीकडे जुळवले तर उजवीकडचे बिघडेल.

तेव्हा आकडा बदलण्याआधी डावा भाग तपासा. फ्लेक्स तिथे फुगतो का? उन्हाळ्यात पुढचा हीटर ५० आणि मधला ४५ अंशांवर तसाच ठेवला तर पातळ फ्लेक्स ढिला पडून वर येतो. थंडीत हे आकडे चालतात. एप्रिलमध्ये मधला हीटर बंद, पुढचा चाळीसच्या आत ठेवून बघा, पण वाळण्यासाठी पंखा छापल्यानंतरच्या भागावर असू द्या, हेडकडे नको. पिंच रोलर डावीकडे सैल आहे का, व्हॅक्यूमची भोके धुळीने बुजली आहेत का, हेही बघा. मग कॅरेज तीन ठिकाणी नेऊन फीलर गेजने अंतर मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल तर रेल किंवा प्लॅटफॉर्म जुळवावा लागेल आणि ते काम मेकॅनिकचे.

एन्कोडरची, म्हणजे कॅरेजची जागा मोजणारी, बारीक रेषांची पट्टीही त्याच बाजूला मळली असू शकते. तिच्यावर शाईचा धुरळा बसला की कॅरेज कुठे आहे हे मशीनला चुकीचे कळते. उभ्या सरळ रेघा नागमोडी होतात किंवा चित्र अचानक अर्धा इंच सरकते. पट्टी धागे न सुटणाऱ्या कापडाला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकाच दिशेने पुसा. हेड धुण्याचे सोल्यूशन किंवा थिनर लावू नका, त्याने पट्टीवरच्या बारीक रेषा उतरतात आणि मग नवी पट्टीच घ्यावी लागते.

कोरड्या हवेचे आणखी एक दुखणे असते, तुम्ही लिहिले नसले तरी मेमध्ये येईल. अक्षरांभोवती बारीक शिंतोडे आणि काळ्याभोवती धूसर छटा. हवेतली आर्द्रता घटली की फ्लेक्स उलगडताना स्थिर वीज साठते आणि ती बारीक थेंबांना खेचते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजा. तो तीनच्या वर असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी, मीठ-कोळसा आणि जोड बघा. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, हे इथे नेहमीचेच. रोल उलगडतो तिथे अर्थ केलेला तांब्याचा ब्रश लावा. कूलर लावायचा तर खोलीच्या कोपऱ्यात, झोत मशीनकडे न ठेवता. थेट झोताने नोझल वाळतात आणि धूळही आत येते. आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांत राहिली की बराचसा त्रास थांबतो.

शिंतोडे तरीही राहिले तर हेडचा व्होल्टेज बघा. प्रत्येक हेडच्या लेबलवर त्याचा स्वतःचा आकडा असतो. सॉफ्टवेअरमध्ये तो आहे की मागच्या मेकॅनिकने वाढवून ठेवला आहे, हे आधी ताडा. हेड बदलले आणि जुना आकडा तसाच राहिला, असेही होते. गरम हवेत शाई पातळ होते, मग त्याच व्होल्टेजला थेंब जोरात फुटतो. अर्धा व्होल्ट कमी करून टेस्ट काढा. खोलीच ४० अंशांवर असेल तर हेडचा ३८ ला लावलेला हीटर काहीच करत नसतो, हे लक्षात ठेवा.

एवढे करूनही मॅजेंटा सुधारला नाही, तर हेडवर संशय घ्यायला हरकत नाही. पण टेस्टचा आकार बघा. इकडे-तिकडे विखुरलेली गायब नोझल म्हणजे वाळणे किंवा हवा. एक आड एक सगळी गायब, किंवा अख्खा सलग पट्टा गायब असेल, तर वीज किंवा डेटा. मशीन पूर्ण बंद करून, दहा मिनिटे थांबून, मॅजेंटा आणि सायनच्या डेटा केबल बोर्डाच्या बाजूने अदलाबदल करा. दोष सायनकडे गेला तर बोर्ड खराब, मॅजेंटातच राहिला तर हेड किंवा त्याची केबल. वीज चालू असताना चपटी केबल काढू नका आणि बसवताना ती तिरकी जाऊ देऊ नका. अर्धा पिन चुकला की धड हेडही जळते. बोटाला शाई असेल तर आधी हात धुवा, कनेक्टरमध्ये गेलेला एक थेंब पुरतो.

वाळलेल्या हेडसाठी सिरिंज वापरायची असेल तर २० मिलिलिटरची घ्या, कोमट नव्हे तर साधे फ्लशिंग सोल्यूशन भरा आणि अंगठ्याने हळू दाबा. धार अडली तर जोर लावू नका, पंधरा मिनिटे भिजू द्या. अल्ट्रासॉनिक भांड्यात हेड बुडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही, कारण आतला पिझो (विजेने हलून शाई ढकलणारा भाग) आणि गोंद हे सहन करतीलच असे नाही.

उद्या सकाळी काम असे लावा. पर्ज पूर्ण बंद. गेजचा आकडा लिहा, कॅनचे भोक बघा, मॅजेंटाचा फिल्टर बदला, मीटरभराची पट्टी छापून आधीचा आणि नंतरचा टेस्टचा कागद शेजारी ठेवा. दुपारी काळ्याची प्लेट आणि फ्लोट. संध्याकाळी हीटर उतरवून डावीकडचे अंतर मोजा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. रात्री बंद करताना हेड कॅपवर किंवा सोल्यूशनने ओल्या केलेल्या पॅडवर बसवा. लाइट गेल्यावर निगेटिव्हचा पंप थांबतो आणि चारही रंग गळतात, म्हणून पंप आणि कंट्रोल बोर्ड यूपीएसवर घ्या. हीटर मात्र त्यावर टाकू नका, ते यूपीएसला झेपणार नाहीत.